कागद तपासणाराच अडकला तर?

ठाण्यातल्या एका सरकारी खिडकीसमोर मागच्या महिन्यात मी दीड तास उभी होते. माझ्या पुढे आमच्याच बिल्डिंगमधले काका होते. पावणेबाराच्या सुमारास आतून आवाज आला, "सर्व्हर डाऊन आहे. थांबायचं तर थांबा." काका मागे वळून म्हणाले, "अगं, तू ऐरोलीला कॉम्प्युटरमध्येच आहेस ना? हे सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय होतं गं? मशीन बंद पडतं, की कोणी बंद पाडतं?"

"दोन्ही होतं, काका," मी म्हणाले.

बहुतेक वेळा कारण साधं असतं. वीज जाते, केबल तुटते, एकाच वेळी फार माणसं येतात. पण बंद पाडण्याचा एक प्रकार असा आहे की त्याला गर्दी लागत नाही, पासवर्ड चोरावा लागत नाही, आत शिरावंही लागत नाही. दाराशी फक्त एक कागद द्यायचा. तो खरा की खोटा हे तपासता तपासता तपासणाराच त्यात गुंतून पडतो आणि मागची सगळी रांग ताटकळते. एवढं सगळं रांगेत उभ्या उभ्या सांगून होईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लिहायला आणखी एक निमित्त आहे. हा कागद म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र, डिजिटल सर्टिफिकेट, आणि त्याची मुदत आता झपाट्याने कमी होते आहे. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती. ब्राउजर बनवणाऱ्या आणि ओळखपत्रं देणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. म्हणजे कागद सारखे बदलणार आणि सारखे तपासले जाणार. कागद देणाऱ्यांबद्दल बरंच बोललं जातं. तपासणाऱ्याबद्दल फार कमी.

हा कागद म्हणजे काय?

तहसीलदारांच्या कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला डोळ्यांसमोर आणा. त्यावर तुमचं नाव असतं, मुदत असते, सही-शिक्का असतो. कॉलेजातला क्लार्क तुम्हाला ओळखत नाही, पण तहसीलदारांच्या सहीला मानतो. तहसीलदारांना मानतो, कारण त्यांना नेमणाऱ्या शासनाला मानतो. विश्वासाची ही साखळी आहे आणि तिचं वरचं टोक आपण सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं.

डिजिटल सर्टिफिकेट हे नेमकं असंच असतं. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा साइट तुमच्या फोनला सर्टिफिकेट दाखवते: मी अमुक, माझी मुदत तमुक, ही माझी सार्वजनिक किल्ली आणि ही मला दाखला देणाऱ्याची सही. सार्वजनिक किल्ली म्हणजे एक भलामोठा आकडा. तो वापरून तुमचा फोन साइटशी गुप्तपणे बोलू शकतो. फोन सही पडताळतो, मग सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट पडताळतो आणि असं वर चढत चढत फोनमध्ये आधीपासून ठेवलेल्या विश्वासू यादीपर्यंत पोचतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

आपल्याकडे याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चा आधार आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना परवाने देणारा एक नियंत्रक केंद्र सरकारने नेमलेला आहे, आणि भारतातल्या डिजिटल सह्यांची साखळी त्याच्या मूळ सर्टिफिकेटपाशी जाऊन थांबते. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह तुम्ही पाहिलं असेल. "माझं आधार खोटं आहे का हो?" असं मला किती जणांनी विचारलं आहे! आधार खोटं नसतं. पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत ते मूळ सर्टिफिकेट नसलं की साखळी वरपर्यंत पोचत नाही आणि ते प्रश्नचिन्ह दाखवतं. तपासणारा आपलं काम करत असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्लार्कला दाखला खरा की खोटा ठरवण्याआधी तो वाचावा लागतो. न वाचता कसं कळणार की सही कोणाची आहे आणि कशावर आहे?

गर्दी करून, आणि गर्दी न करता

एखादी सेवा इतरांना मिळूच नये अशी कोंडी करायची, या हल्ल्याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. कामाच्या ठिकाणी आम्ही नुसतं डॉस म्हणतो. बातम्यांत येतो तो बहुधा गर्दीचा प्रकार: हजारो मशीन एकदम एका साइटवर सोडायची. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर जे होतं, तेच. कोणीही काही चुकीचं करत नसतं, पण पुढे कोणालाच सरकता येत नाही.

दुसरा प्रकार एका माणसाचा आहे. तिकीट खिडकीवर एक जण येतो आणि एक रुपयाच्या नाण्यांची पिशवी ओततो. मोजणं हे खिडकीतल्या माणसाचं काम असल्यामुळे तो मोजायला बसतो. आता अशी पिशवी मनात आणा की जी कितीही मोजली तरी संपत नाही. खिडकी उघडी आहे, माणूस जागेवर आहे, तिकिटं शिल्लक आहेत, आणि तरी कोणालाही तिकीट मिळत नाही.

सर्टिफिकेट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा डॉस हा या दुसऱ्या जातीचा असतो.

मार्च २०२२: एक छोटी फाइल

ओपनएसएसएल हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण ते वापरलं नाही असा दिवस जात नाही. गुप्त संभाषण आणि सर्टिफिकेट तपासणी यांसाठी लागणारा हा मोफत, खुला सॉफ्टवेअर-संच १९९८ पासून आहे आणि जगभरच्या सर्व्हरपासून घरच्या राउटरपर्यंत तो बसवलेला असतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी गूगलमधल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी त्यातली एक त्रुटी ओपनएसएसएलला कळवली. १५ मार्चला ती दुरुस्तीसह जाहीर झाली. तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२२-०७७८. असे क्रमांक जगभरच्या सुरक्षा त्रुटींना एकाच यादीतून दिले जातात, म्हणजे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत हे पक्कं राहतं.

मी तेव्हा महाप्याच्या एका सर्व्हर रूममध्ये रात्रपाळीला होते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या या पट्ट्यात एके काळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते. आता त्यांच्या बरोबरीने डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि मुंबईच्या पैशाचा, कागदपत्रांचा, फोटोंचा मोठा हिस्सा तिथल्या डब्यांत राहतो. दुरुस्ती बसवण्याआधी आम्ही बाजूला काढलेल्या एका चाचणीच्या मशीनवर मुद्दाम बिघडवलेलं सर्टिफिकेट ठेवलं आणि ते वाचून दाखवायची साधी कमांड दिली. एरवी एंटर दाबताच पडद्यावर मजकूर येतो. त्या रात्री नुसता कर्सर लुकलुकत राहिला. दुसऱ्या खिडकीत त्या मशीनच्या एका कोअरचा (प्रोसेसरमधल्या एका काम करणाऱ्या भागाचा) वापर शंभर टक्क्यांवर जाऊन चिकटला आणि थोड्या वेळाने पंख्याचा आवाज चढला. आम्ही चहा पिऊन आलो. कर्सर तसाच. फाइल म्हणाल तर एका परिच्छेदाएवढी.

त्या फाइलवरची सही खोटी होती. पण सहीपर्यंत कोणी पोचलंच नाही.

वारांचं गणित

नेमकं काय अडकत होतं, हे समजायला शाळेतलं थोडं गणित लागेल. मला हा भाग फार आवडतो, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

आज सोमवार आहे. ९ दिवसांनी कोणता वार? बुधवार. २ दिवसांनी? तोही बुधवार. वारांच्या जगात ९ आणि २ एकच आहेत, कारण आपण ७ ने भागतो आणि फक्त बाकी ठेवतो. संगणकाची गुप्त भाषा याच बाकी ठेवण्याच्या गणितावर चालते, फक्त ७ च्या जागी भलीमोठी मूळ संख्या असते. मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी.

आजकालच्या पुष्कळ सर्टिफिकेटांत सार्वजनिक किल्ली म्हणजे इलिप्टिक कर्व्ह नावाच्या एका वक्ररेषेवरचा बिंदू असतो. बिंदूला दोन आकडे लागतात, आडवा आणि उभा. जागा वाचवायला कधी कधी फक्त आडवा आकडा पाठवतात आणि सोबत एक खूण. आपण पत्ता सांगतो ना, "सातवा मजला, लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडचं दार," तसं. मजला कळला की दारं दोनच उरतात आणि खुणेवरून नेमकं दार कळतं. ती दोन दारं शोधायला मात्र वर्गमूळ काढावं लागतं, आणि तेही या बाकी ठेवण्याच्या जगातलं वर्गमूळ.

बाकी ठेवण्याच्या जगात वर्गमूळ काढायची ठरलेली पद्धत आहे. तिच्यातली एक पायरी अशी: एक आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा, पुन्हा बाकी ठेवा. १ आला की थांबा. १७ ही मूळ संख्या घेऊन करून पाहू. ३ चा वर्ग ९. ९ चा वर्ग ८१, १७ ने भागून बाकी १३. १३ चा वर्ग १६९, बाकी १६. १६ चा वर्ग २५६, बाकी १. चार पायऱ्यांत काम झालं. १७ च्या जगात १ ते १६ पैकी कोणताही आकडा घेतला तरी जास्तीत जास्त चार वर्गांत १ येतोच. मूळ संख्या मोठी असली तरी ही पद्धत जे आकडे वापरते त्यांना अशी हमी असते.

आता १७ च्या जागी १५ घ्या. १५ ही मूळ संख्या नाही, तिला ३ आणि ५ ने भाग जातो. ३ चा वर्ग ९. ९ चा वर्ग ८१, बाकी ६. ६ चा वर्ग ३६, बाकी ६. पुन्हा ३६, पुन्हा ६. पुन्हा ६. हे कागदावर स्वतः करून पाहा. जन्मभर केलं तरी १ येणार नाही.

२०२२ च्या त्या सर्टिफिकेटात हेच केलेलं होतं. सर्टिफिकेट बनवणाऱ्याला आपली स्वतःची वक्ररेषा आणि तिची मूळ संख्या लिहून द्यायची मुभा होती. हल्लेखोराने तिथे मूळ नसलेली संख्या लिहायची, बस्स. वाचणाऱ्याने मात्र ती मूळ आहे असं धरून चालायचं.

"पण किती फेऱ्या झाल्या हे मोजायला नको होतं का?"

माझ्या बरोबरच्या एका मुलीने त्या रात्री हाच प्रश्न विचारला होता. मोजत होते! म्हणून तर ही चूक मला इतकी शिकवून गेली.

सॉफ्टवेअरमध्ये फेऱ्यांची मोजणी होती आणि एक मर्यादाही होती. दर फेरीला मोजणी एकने वाढवायची आणि विचारायचं: ही मर्यादेइतकी झाली का? झाली असेल तर उत्तर नाही असं सांगून बाहेर पडायचं. पण गणित पुढे सरकेल तशी ही मर्यादा घटत जाते आणि १ पर्यंत येऊ शकते. मोजणी सुरूच १ पासून व्हायची. वाढवल्यावर ती २ झाली. २ म्हणजे १ का? नाही. ३ म्हणजे १ का? नाही. ४?

सीएसएमटीहून निघालेल्या लोकलमध्ये एखाद्याला डुलकी लागली आणि कळव्याला डोळे उघडले असं समजा. तो दर स्टेशनला विचारतो, "हे ठाणे का?" मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. दर वेळी उत्तर खरं आणि दर वेळी "नाही". त्याने एकदा "ठाणे गेलं का?" असं विचारलं असतं तर लगेच उतरला असता. लोकल निदान कर्जत-कसाऱ्याला संपते. आकडे संपत नाहीत.

मूळ संख्या खरोखर मूळ असती तर ही वेळच आली नसती, कारण १ आधीच सापडला असता. म्हणून वर्षानुवर्षं प्रामाणिक सर्टिफिकेटांवर हे सॉफ्टवेअर बिनबोभाट चाललं. २०१५ मध्ये आलेल्या १.०.२ या आवृत्तीतही ही त्रुटी होती. गूगलमधले डेव्हिड बेंजामिन आणि ओपनएसएसएलमधले टोमाश म्राझ यांनी केलेल्या दुरुस्तीचा गाभा म्हणजे "इतकी झाली का" ऐवजी "इतकी झाली किंवा त्याच्या पुढे गेली का".

संख्या मूळ आहे का हे आधीच का तपासलं नाही, असंही कोणी विचारेल. एवढी मोठी संख्या मूळ आहे का हे तपासायलाही बरीच मेहनत लागते, आणि वर्गमूळ काढणाऱ्या तुकड्याने आपल्याला मूळ संख्याच दिली जाईल असं गृहीत धरलं होतं. घरातल्या घरात असं गृहीत धरणं चालतं. परक्याने दिलेल्या कागदावर चालत नाही.

"आधी सही तपासा, मग वाचा"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. खोटी सही असलेल्या कागदावर मेहनत करायचीच कशाला?

काही वाचन टाळता येत नाही. सही कोणाची, कोणत्या पद्धतीने केलेली, मुदत काय, हे सगळं त्या कागदातच लिहिलेलं असतं. पण कागदातली किल्ली लगेच सोडवून, म्हणजे ते वर्गमूळ काढून, बघायची गरज नसते, ती सही पटल्यावर सोडवली तरी चालतं. ओपनएसएसएलची जुनी १.०.२ आवृत्ती सर्टिफिकेट उघडताना किल्ली लगेच सोडवत नसे, त्यामुळे तिला अडकवणं थोडं अवघड होतं. नंतरच्या आवृत्त्या उघडतानाच किल्ली सोडवायला लागल्या आणि सापळा दाराशीच आला.

दुसरं म्हणजे स्वतःची वक्ररेषा लिहून द्यायची मुभा. ही मुभा असायलाच नको होती, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेटच्या मानकांनी २००९ मध्येच सांगून ठेवलं होतं की सर्टिफिकेटात अशी हाताने लिहिलेली वक्ररेषा वापरू नये, ठरलेल्या वक्ररेषांपैकी एकीचं नाव लिहावं. नियम झाला, पण वाचणारी सॉफ्टवेअर जुनी पद्धत वाचत राहिली, कारण कोणाचं तरी जुनं सर्टिफिकेट अडेल ही भीती. याच दारातून जानेवारी २०२० मध्ये विंडोजमध्येही एक त्रुटी निघाली होती, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मायक्रोसॉफ्टला कळवलेली. ती तर याहून वाईट होती: तिथे तपासणारा अडकत नव्हता, खोट्याला खरं म्हणत होता. दोन वर्षांच्या अंतराने त्याच न वापरायच्या सोयीने दोनदा दगा दिला.

असं पुन्हा पुन्हा का होतं?

कारण तपासणं म्हणजे मेहनत, आणि ती किती करायची हे अनोळखी माणूस ठरवत असतो.

गो या प्रोग्रामिंग भाषेतल्या सर्टिफिकेट तपासणीत डिसेंबर २०१८ मध्ये अशीच त्रुटी दुरुस्त झाली. तिथे साखळीची अडचण होती. खालच्या कागदावर ज्याची सही आहे त्या नावाचे पाच कागद असतील, त्या प्रत्येकाच्या वर पुन्हा पाच, तर वाटा पाच, पंचवीस, सव्वाशे, सव्वासहाशे अशा फुटत जातात. पाकिटात मोजकेच कागद, पण तपासणारा प्रत्येक वाट चालून बघतो.

मार्च २०२३ मध्ये ओपनएसएसएलमध्ये याच्याच भावकीतली त्रुटी निघाली. सर्टिफिकेट कोणकोणत्या अटींवर दिलं आहे त्या अटींचं झाड तपासताना फांद्या अशाच वाढत जायच्या. ही तपासणी मुळात बंद ठेवलेली असते आणि मुद्दाम चालू करावी लागते, म्हणून तिचं गांभीर्य कमी धरलं गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिसरी निघाली: सर्टिफिकेटात एक प्रचंड लांब ओळख-क्रमांक घालायचा आणि तो वाचण्याजोगा करताना लांबी दुप्पट झाली की मेहनत चौपट व्हायची.

चाचण्यांत हे सापडत नाही, कारण चाचणी करणारे बहुधा चांगले कागद देऊन बघतात. आता मुद्दाम वेडेवाकडे, अर्धवट, फाटके कागद लाखोंनी तयार करून सॉफ्टवेअरपुढे टाकायची पद्धत रूढ झाली आहे. तिला फझिंग म्हणतात. ज्या संघाकडे फझिंगला वेळ आणि मशीन नाही, त्याच्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास जरा कमीच असतो.

माझे पैसे गेले का?

नाही. काकांनाही मी हेच आधी सांगितलं. या प्रकारात माहिती चोरली जात नाही, बदलली जात नाही, पासवर्ड फुटत नाही. ओपनएसएसएलमधली २०१४ ची हार्टब्लीड ही त्रुटी वेगळी होती. तिच्यात सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे बाहेर येत होते. इथे तिजोरी शाबूत असते, फक्त दार उघडत नाही.

तरीही ही किरकोळ गोष्ट ठरत नाही. ज्याचा सातबारा आज बँकेत द्यायचा आहे, ज्याला ऑपरेशनच्या आधी विम्याची मंजुरी हवी आहे, त्याच्या दृष्टीने बंद दार आणि रिकामी तिजोरी यांत आजच्यापुरता फारसा फरक नसतो.

नुकसान कोणाचं जास्त, हे मात्र नीट पाहायला हवं. तुम्ही साधी वेबसाइट उघडता तेव्हा सर्टिफिकेट साइट दाखवते आणि तपासतो तुमचा फोन. हल्लेखोराने स्वतःची साइट काढून तिथे बिघडवलेलं सर्टिफिकेट ठेवलं तरी जो अडकेल तो तिथे जाणारा. तुमचं एखादं ॲप थिजेल, ते बंद करून पुन्हा उघडाल. खरा धोका उलट दिशेला आहे: जे सर्व्हर समोरच्याकडून सर्टिफिकेट मागतात ते. दोन बँकांच्या मशीनमधलं बोलणं, कर्मचाऱ्यांना घरून आत घेणारी कार्यालयाची दारं, ग्राहकांकडून सर्टिफिकेट घेऊन साइट बसवून देणाऱ्या होस्टिंग कंपन्या आणि सर्टिफिकेटसाठी अर्ज घेणाऱ्या खुद्द दाखला देणाऱ्या संस्था. यांना अनोळखी कागद वाचावाच लागतो, आणि यांच्यामागे हजारो माणसांची रांग असते. ज्यांनी सुरक्षिततेसाठी एक पाऊल पुढे टाकून समोरच्याचीही ओळख मागितली, तेच जास्त उघडे पडले. याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं होतं.

वेळ संपली की सोडून द्यायचं, एवढं सोपं नाही का?

"पाच सेकंदांत झालं नाही तर नको म्हणा." ऐकायला बरोबर वाटतं, आणि काही ठिकाणी करतातही. पण गणितात गुंतलेला तुकडा मध्येच थांबून घड्याळ बघत नाही. ते बघायला त्याला सांगावं लागतं किंवा बाहेरून कोणाला तरी तो अख्खा प्रोग्राम बंद पाडावा लागतो. प्रोग्राम बंद पाडला की त्याच्यासोबत त्याच वेळी आत असलेले बाकीचे प्रामाणिक ग्राहकही बाहेर फेकले जातात. आणि हल्लेखोर एक फाइल पाठवून थांबत नाही. मशीनला आठ कोअर असतील तर आठ फायली. बंद पाडून पुन्हा सुरू केलं की पुन्हा आठ.

"मग अडकलं की तपासणी सोडून आत घ्या," असा उलटा उपायही मी मीटिंगमध्ये ऐकला आहे. तो कधीही मान्य करू नये. मग हल्लेखोराला आत शिरायला तपासणाऱ्याला अडकवणं एवढंच पुरेल.

टिकणारा उपाय आतच करावा लागतो: प्रत्येक फेरीला, साखळीच्या प्रत्येक लांबीला, प्रत्येक आकड्याच्या आकाराला आधीच ठरवलेली कमाल मर्यादा. खरं सर्टिफिकेट इतकं मोठं कधीच नसतं, तेव्हा त्याच्यापुढे जाणारा कागद न वाचता परत द्यायचा. गोमधल्या त्रुटीवरही अखेर हाच उपाय झाला, सही पडताळण्याच्या कामाला कमाल हद्द घातली गेली.

आपल्या घरी काय?

फोन, लॅपटॉप आणि ब्राउजर यांची अपडेट येते तेव्हा "नंतर" न दाबता ती घ्या, बाकीचं काम ती करते. दुकान किंवा छोटी संस्था चालवत असाल आणि साइट दुसऱ्या कोणी सांभाळत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: आमच्या सर्व्हरवर ओपनएसएसएल कोणतं आहे? २०२२ ची ही दुरुस्ती १.१.१एन आणि ३.०.२ या आवृत्त्यांत आली. पण १.१.१ या अख्ख्या मालिकेची मोफत देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे कोणी "१.१.१ आहे, चालतंय की," म्हणालं तर ते उत्तर पुरेसं समजू नका.

उरतात त्या भिंतीवरच्या आणि कपाटावरच्या वस्तू. राउटर, सीसीटीव्हीचा डबा, गेटवरची हजेरी घेणारी यंत्रं. यांच्यातही असंच सॉफ्टवेअर असतं, आणि बसवून गेलेला माणूस परत फिरकत नाही.

रांगेतल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी काकांनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. "आपला डबा बघ गं जरा." टेबलाखाली, पंप रूमच्या किल्ल्यांच्या खोक्यामागे तो होता, वर धुळीचा थर. मॉनिटरवर मेनू उघडून सॉफ्टवेअरची तारीख काढली. २०१९ ची निघाली. बसवणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, चित्र येतंय ना? मग कशाला हात लावायचा?" काकांनी फोन माझ्या हातून घेतला आणि त्याला वारांचं गणित सांगायला सुरुवात केली. १५ वर पोचल्यावर ते थोडे गडबडले, मी कागदावर लिहून दिलं: ३, ९, ६, ६, ६. पुढच्या शनिवारी सकाळी अकराला तो यायचं कबूल झाला आहे.